हीटर थंड, इंजिन गरम : दोष कुणाचा?

सभासद बंधू-भगिनींनो,

लागवडीचे अंतर, बेण्याची निवड, खोडव्याचे पाचट, खताचे हप्ते यांवर या पानातून मी आपल्याशी नेहमी बोलत आलो. आज विषय वेगळा आहे. ऊसवाल्या माणसाने मोटारीवर लिहावे हे काहींना ‘आपला तो व्यवसाय नव्हे’ असे वाटेल. पण डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात आता शेतकऱ्याची निम्मी शेती पिकअपच्या हौद्यात असते. सकाळी बेणे, दुपारी खत, संध्याकाळी चिकूचे करंडे, रविवारी लग्नाचे वऱ्हाड. गाडी बहुतेकांची जुनी, दुसऱ्याच्या हातची. ती बंद पडली की शेत बंद पडते. आणि कधी कधी शेतापेक्षाही मोठे काही बिघडते. त्यासाठी हे लिहीत आहे.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सुरू लागवडीचे दिवस. आपल्या ऊस विकास विभागाच्या जुन्या पिकअपमध्ये दोन डोळ्यांची टिपरी भरून आम्ही तिघे निघालो. मी, ड्रायव्हर आणि क्लीनरचे काम करणारा एक पोरगा. तलासरीकडच्या बेणेमळ्यातून सायवनच्या बाजूच्या एका सभासदाच्या शेतावर माल पोचवायचा होता. तिथे सऱ्या पाडून, पाणी सोडून माणसे वाट पाहत होती.

थंडी होती म्हणून ड्रायव्हरने केबिनचा हीटर लावला. हवा थंडच येत होती. तो म्हणाला, “साहेब, पंधरा दिवस झाले, हा हीटर असाच करतोय.” मी म्हणालो, “आपल्याला हीटर कशाला हवा? पौषातल्या चार सकाळी तर असतात. घोंगडी घे अंगावर.” आम्ही हसलो आणि पुढे गेलो.

चढाला लागल्यावर पाण्याचा काटा वर चढला. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले. एवढ्यात काटा एकदम खाली आला. मी म्हणालो, “उतरला बघ. चल, माणसे थांबलीत.” अर्ध्या मैलावर गाडीची ओढ गेली, इंजिन ठोकायला लागले, बॉनेटमधून वाफ निघाली. गाडी बाजूला घेतली. मला घाई होती. मी त्या पोराला म्हणालो, “झाकण काढ रे, पाणी ओत.”

त्याने झाकण फिरवले. पुढचे सांगायला नको. त्याचा डावा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली. वर आम्ही शहाण्यांनी टूथपेस्ट चोपडली. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी ती पेस्ट काढली तेव्हा तो पोरगा जो ओरडला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दीड महिना तो कामावर नव्हता. रोजावरचा माणूस, म्हणजे दीड महिन्याचे रोज गेले. हाताचा डाग राहणार आहे.

टिपरी संध्याकाळी दुसऱ्या गाडीने पोचली, दुसऱ्या दिवशी लावली. डोळे सुकले होते. उगवण विरळ झाली, नांग्या भराव्या लागल्या. इंजिनाचे हेड गॅस्केट गेले, हेड खोलावे लागले. मेस्त्रीने शोधून काढले ते काय? हीटरला जाणाऱ्या रबरी नळीची एक क्लिप सैल झालेली. तिथून थेंब थेंब पाणी गळून गरम इंजिनावरच वाळत होते. म्हणून जमिनीवर कधी डाग दिसला नाही.

एका क्लिपेसाठी हे सगळे घडले. दोष कुणाचा? क्लिपेचा नाही, ड्रायव्हरचा नाही. त्याने सांगितले होते, ऐकले नाही ते मी. म्हणून या लेखातला पहिला आरोपी मीच आहे आणि त्या अधिकारानेच पुढचे चार शब्द सांगतो.

पाणी एकच आहे

आपल्या मनात हीटर वेगळा आणि इंजिन वेगळे असते. वास्तविक केबिनचा हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनातले गरम पाणी एका नळीने तिथे जाते, दुसरीने परत येते, आणि पंखा त्यावरून हवा फेकतो. इंजिन तापले असताना हीटर गार हवा देत असेल, तर त्याचा सरळ अर्थ असा की गरम पाणी तिथपर्यंत पोचत नाही. वैद्य नाडी पाहतो तसा हीटर ही इंजिनाची नाडी आहे. ती हाताला लागत नाही म्हणून रोग्याला ‘बरा आहे’ म्हणणारा वैद्य कसला?

आणि काटा? काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरे बोलतो. पाणी उतरून तो उघडा पडला की काटा खाली येऊ शकतो. माझी चूक नेमकी तिथे झाली. काटा वर जाऊन अचानक खाली आला तर हुरळू नका. गाडी उभी करा, इंजिन बंद करा.

हीटर गार का, हे पाहायला गॅरेज लागत नाही. सकाळी गाडी थंड असताना झाकण उघडून रेडिएटरमधले पाणी पाहा. कमी असेल तर भरा, पण गेले कुठे ते शोधल्याशिवाय सोडू नका. मग इंजिन नीट तापवा आणि हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवून केबिनच्या भिंतीतून आत जाणाऱ्या दोन नळ्या जपून चाचपा. पंखा आणि पट्टा यांपासून हात आणि बाही दूर ठेवा. दोन्ही नळ्या गरम असतील तर पाणी फिरते आहे, दोष आतल्या झडपेचा किंवा पंख्याचा. एक गरम आणि एक गार असेल तर हीटरची जाळी गाळाने भरली आहे किंवा त्याचा नळ बंद आहे. दोन्ही गार असतील तर पाणी कमी, आत हवा कोंडलेली, किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला. पाणी पुरेसे असून काटाही वर जात असेल तर वॉटर पंपावर संशय घ्या.

हवा कोंडली असेल तर गाडी थंड असताना तोंड चढाकडे करून उभी करावी, झाकण काढावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि इंजिन संथ चालू ठेवून पाणी भरत जावे. बुडबुडे येणे थांबले की झाकण लावावे. बुडबुडे थांबतच नसतील, पाणी रोज कमी होत असेल, ऑइलच्या कांडीवर दुधाळ साय दिसत असेल, तर समजावे की गॅस्केट गेले. मग गाडी चालवू नये. एक फेरी वाचवायला गेलात तर इंजिन घालवाल.

केबिनमध्ये पायाखाली ओल, गोडसर वास आणि काचेच्या आतून तेलकट धुके ही हीटरची जाळी फुटल्याची खूण आहे. अशा वेळी मेकॅनिक दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून हीटर बाद करतात. आपल्या हवेत ते चालते, मी विरोध करणार नाही. पण तापमान सोसणारी योग्य नळी आणि पक्की क्लिप वापरा. बागेतली पाण्याची नळी कापून लावलेली मी पाहिली आहे. शिवाय पावसाळ्यात काचेवरचे धुके घालवायला हाच हीटर कामी येतो हे विसरू नका. आपल्याकडचा आषाढ कसा असतो ते मी सांगायला नको.

चार गैरसमज

पहिला : “व्हॉल्व काढून टाका, गाडी थंड राहते.” थर्मोस्टॅटला आपण व्हॉल्व म्हणतो. बेण्याच्या उष्णजल प्रक्रियेत आपण पाणी ५० अंशांवर २ तास राखतो. कमी झाले तर गवताळ वाढीचा रोग राहतो, जास्त झाले तर डोळे मरतात. इंजिनाचेही तसेच आहे. त्याला थंड राहायचे नसते, ठरलेल्या उष्णतेवर राहायचे असते. व्हॉल्व काढला की इंजिन गारठलेले चालते, डिझेल जास्त खाते, झीज वाढते. काही इंजिनांत तर गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेने आतल्या आत फिरते आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. व्हॉल्व तपासायचा असेल तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोरीने टांगा आणि पाणी तापवा. त्यावर छापलेल्या अंशाजवळ, बहुधा ८० च्या पुढेमागे, तो उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवा घ्या. काढून टाकणे हा उपाय नव्हे.

दुसरा : “पाणी ते पाणी.” किनारपट्टीच्या विहिरीचे मचूळ पाणी उसाला दिले तर काय होते ते आपण जाणता. पाने करपतात, जमिनीवर पांढरा थर येतो. तोच थर रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो, वर लोखंडाला गंज आणि ॲल्युमिनियमच्या हेडला खड्डे. कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात वापरा. कूलंट फक्त थंड देशासाठी असते हा समज चुकीचा आहे. ते गंज रोखते आणि पाण्याचा उत्कलनबिंदू थोडा वाढवते. दोन जातींचे कूलंट एकत्र करू नका. काढलेले कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असते, जनावर चाटते.

इथेही कबुली देतो. मागच्या वर्षी कूलंटचे बिल माझ्याकडे आले होते. मी त्यावर ‘आवश्यकता नाही’ असा शेरा मारला.

तिसरा : “झाकणाला काय होते?” झाकणाची स्प्रिंग पाण्यावर दाब धरून ठेवते. १५ पौंडांच्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता राहते. झाकण उघडले की दाब जातो आणि त्यातल्या बऱ्याच पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते. वरची रबरी नळी दाबून मऊ लागेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. अर्धा तास लागो की तास. आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतायचे नाही, हेडला तडा जातो. तरीही कुणी भाजलेच तर २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. पेस्ट, हळद, ग्रीस, शाई काही लावू नका, आणि दवाखाना गाठा.

चौथा : “काटा चढला तरी माथ्यापर्यंत नेऊ.” काटा चढू लागताच एसी असेल तर बंद करा, हीटर पूर्ण गरमवर टाका, पंखा जोरात. गाडीत पाणी शाबूत असेल तर तेवढी उष्णता केबिनमार्गे बाहेर पडते आणि सुरक्षित जागा गाठता येते. मेंढवणच्या खिंडीत जुने ड्रायव्हर उन्हाळ्यात घामाघूम होऊन हीटर लावताना मी पाहिले आहेत. ते वेडे नव्हते. पण वाफ दिसली, पट्टा तुटला किंवा हीटरमधून गार हवा आली, तर हा उपायही नको. जागेवर बंद.

आणखी एक आपल्या खास भागातले. भाताचा पेंढा, गवत, पाचट वाहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरची जाळी तुसाने बुजते. सुगीनंतर एकदा इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या दाबाने पाणी मारून ती धुवा. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहा, सुमारे अर्धा इंच दबावा. दोन्ही कामांना चहा पिण्याइतका वेळ लागतो.

पहाटेचा दुसरा हीटर

आपल्या लोकांच्या तोंडी हीटर म्हणजे आणखी एक वस्तू असते, हीटर प्लग. १८९७ साली जर्मनीत रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन यशस्वीपणे चालले ते याच तत्त्वावर, की हवा जोरात दाबली की ती इतकी तापते की ठिणगीशिवाय तेल पेटते. पण मॅटॅडोरसारख्या जुन्या गाड्यांच्या इंजिनांत तेल आधी छोट्या कोठीत पेटते. पहाटे ती कोठी गार असते, तिला ऊब द्यायला प्लग असतो. काही थेट फवाऱ्याच्या इंजिनांना तो नसतोही, तेव्हा आपल्या गाडीला आहे की नाही ते आधी विचारा.

लक्षणे ओळखीची आहेत. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पांढरा धूर आणि डिझेलचा वास येतो, पण पेट घेत नाही. धक्का मारला की निघते आणि दिवसभर छान चालते. अशा वेळी प्लगवरची पट्टी किंवा वायर काढा. टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या धन बाजूला आणि दुसरे प्लगच्या डोक्याला लावा. दिवा लागला तर प्लग बहुधा शाबूत, नाही लागला तर मेलेला. चारही ठीक असतील तर लॅम्पचे एक टोक त्या पट्टीला आणि दुसरे इंजिनाच्या लोखंडाला धरून चावी फिरवा. दिवा लागला नाही तर वीजच येत नाही, रिले किंवा फ्यूज पाहा. प्लगही ठीक आणि वीजही ठीक असेल तर बॅटरी, डिझेलमधले पाणी, किंवा एअर धरलेली. फिल्टरचे पाणी सोडा, हँडपंप मारून एअर काढा. एवढे करून भागले नाही तर मेस्त्री गाठावा, कदाचित इंजिनाची दाब धरण्याची ताकद गेली असेल.

आपण काय करतो? फडक्याचा बोळा पेटवून हवेच्या नळीशी धरतो. मागे हौद्यात पेंढा, पुढे मशाल! किंवा ईथरचा फवारा मारतो. प्लग गरम असलेल्या इंजिनात तो स्फोटासारखा पेटतो. किंवा गाडी रात्रभर उतारावर ठेवतो, म्हणजे पहाटे ढकलायला सोपी. हँडब्रेक जुना, खाली अंगणात पोरे निजलेली. चार प्लग न बदलण्यासाठी आपण किती मोठा जुगार खेळतो ते पाहा.

मग जुनी गाडी ठेवावी का?

काही सभासद म्हणतात, “साहेब, जुनी फुंका आणि कर्ज काढून नवी घ्या.” मी सरसकट तसे म्हणणार नाही. खोडवा किती वर्षे ठेवावा असे विचारले की मी जे सांगतो तेच इथे सांगतो. बुडखे जोमदार असतील, तुटाळ कमी असेल, रोग नसेल, तर ठेवा आणि त्याला लागणीइतकेच खतपाणी द्या. खोडवा म्हणजे फुकटचे पीक समजून दुर्लक्ष केले की उत्पन्न बसते आणि दोष खोडव्याला लागतो. जुन्या गाडीचेही हेच. चेसिस गंजली नसेल, इंजिन दाब धरत असेल, ब्रेक लागत असतील, तर ती ठेवा, पण तिला नव्या गाडीपेक्षा जास्त नजर लागते. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. तो कागद मिळवण्यापुरती गाडी रंगवू नका. ब्रेक आणि चेसिस गेली असेल तर मात्र मोह सोडा. तो खोडवा मोडण्याच्या लायकीचा झाला.

“गाडी माझी, कारखान्याचा काय संबंध?” असाही प्रश्न येईल. तोडलेला ऊस २४ तासांत गाळला जावा म्हणून आपण सगळे धडपडतो. वजन घटते, साखर घटते आणि तो तोटा सगळ्या सभासदांत वाटला जातो. बेणे वेळेवर पोचले नाही तर पुढच्या वर्षीचा ऊस घटतो. चढावर एक पिकअप आडवी झाली तर मागे दहा वाहने थांबतात. तेव्हा गाडी एकाची असली तरी नुकसान सर्वांचे.

म्हणून संचालक मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

१) गळीत सुरू होण्यापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, प्रत्येक गट कार्यालयात एक दिवस वाहन तपासणी ठेवावी. कारखान्याच्या वर्कशॉपचे दोन फिटर, एक टेस्ट लॅम्प, एक थर्मामीटर एवढे पुरे. सुट्या भागांचे पैसे सभासद देतील, तपासणी फुकट असावी. आपण ट्रॅक्टरची पूजा दसऱ्याला करतोच. हळदीकुंकवाआधी क्लिपा आवळल्या तर देवालाही आवडेल.

२) आपल्या विभागाच्या वाहनांसाठी ड्रायव्हरच्या हातची एक वही ठेवावी. त्याने लिहिलेली तक्रार अधिकाऱ्याने सात दिवसांत निकालात काढावी किंवा का काढली नाही ते सही करून लिहावे. मला अशी वही आधी असती तर ‘हीटर गार’ या दोन शब्दांखाली माझी सही असती आणि कदाचित मी ती इतक्या सहज केली नसती.

३) वाहनाबरोबर असणारा क्लीनर, मग तो रोजावरचा का असेना, विम्यात धरलेला असावा. कामावर इजा झालेल्या मजुराला भरपाई देण्याचा कायदा १९२३ सालापासून आहे. सभासदांनीही आपल्या पॉलिसीत ड्रायव्हर-क्लीनर धरले आहेत का ते एकदा वाचून पाहावे.

आणि सभासदांना एक विनंती, जी सूचना म्हणून लिहायला संकोच वाटतो. पिकअपच्या हौद्यात माणसे भरू नका. आपल्या पाड्यांवरची माणसे पहाटे दाटीवाटीने उभी राहून मजुरीला जातात हे आपण रोज पाहतो. मालाच्या गाडीत माणसे नेणे कायद्याने मना आहे, अपघात झाला तर विमा हात वर करण्याची शक्यता असते. पण कायदा बाजूला ठेवू. ज्या गाडीची क्लिप केव्हा सुटेल हे आपल्याला ठाऊक नाही, तिच्या मागे वीस जणांना उभे करायचे? दोन फेऱ्या एसटीचे किंवा जीपचे भाडे पडेल. पडू द्या.

तो पोरगा आता पुन्हा कामावर आहे. गेल्या आठवड्यात गाडीत बसल्या बसल्या त्याने आपणहून हीटर लावून पाहिला. बाहेर ऊन होते. ड्रायव्हर हसला, “अरे, थंडी वाजते का तुला?” तो म्हणाला, “नाय. गरम हवा येते का ते बघतो.”

मी काही बोललो नाही. पंधरा दिवस जे मला समजले नाही ते त्याला आता रोज समजते, आणि त्याची किंमत त्याने भरली आहे. बाकीच्यांना ती भरावी लागू नये एवढ्यासाठी हा लेख. उद्या सकाळी गाडी थंड असताना झाकण उघडून एकदा आत पाहा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी